मोकळे न वाटण्याचा अधिकार

आई,

तुझी रविवारची बैठक अजून चालते. हे आधी सांगते, कारण पुढचे ऐकून ती बंद पडली असावी असे तुला वाटेल. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी तू गेलीस, आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी तुझ्या बाहेरच्या खोलीत मी चटया घालते, स्वतः मात्र दाराशी खुर्चीत बसते. माझा विश्वास नव्हता, हे तुला ठाऊक होते. नर्मदेकाठच्या, क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या एका दवाखान्यात तू नर्सचे काम शिकलीस आणि तिथूनच ही गप्प बसण्याची रीत घेऊन आलीस. पुरोहित नाही, घंटा नाही, पोथी नाही. माणसांनी एकत्र शांत बसायचे, आणि आतून बोलणे भागच पडले तर दोन वाक्ये बोलून पुन्हा शांत व्हायचे. देव प्रत्येक माणसाच्या आत प्रकाशासारखा हजर असतो, एवढाच तुमचा सिद्धान्त. मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत होते. जी हजेरी कधीच गैरहजर नसते, तिच्याविषयी काहीही सिद्ध करता येत नाही, असे मी तुला एकदा स्वयंपाकघरात ऐकवले. तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "मंग नको करू सिद्ध. ते पातेलं घे अन् पाणी ठेव." हे उत्तर नव्हते, असे माझे आजही मत आहे.

कामठ्याची भाजीवाली अजून येते. तिच्या उजव्या पायाला हत्तीपाय आहे, आणि पूर्वी बैठकीआधी मागच्या अंगणात तू तो पाय धुऊन द्यायचीस. मी तेव्हा शाळेत होते. त्या वासाने मला ओकारी यायची, पण बघितल्याशिवाय राहवायचे नाही. तू साबण लावतेस, बोटांच्या बेचक्यांत जुने धोतर घालून पाणी टिपतेस, आणि तुझ्या चेहऱ्यावर सेवेचा कसलाही भाव नाही. भांडी घासताना असतो तोच चेहरा. मी विचारते, तुला वास येत नाही का? "येते नं. नाक काय घरी ठेवून येऊ?" मग, जणू मी तेच विचारले होते अशा स्वरात, तू म्हणतेस, "खोलीत बसते तवा जो असते, तोच अठीबी असते." मला त्या वाक्याचीही किळस आली होती. इतक्या घाणीत कोणाला बोलवावे, याला काही मर्यादा असावी, असे वाटले होते.

म्हणून शेठजींविषयी लिहिताना माझे नाक त्यांच्याहून कमी नाजूक आहे असे मी भासवणार नाही. त्यांची राइस मिल आता मुलगे बघतात. मनःशांतीच्या शोधात ते बरीच शिबिरे करून गेल्या वर्षी आपल्याकडे आले, आणि बैठकीत दर रविवारी बोलू लागले. दर रविवारी त्यांना आतून काहीतरी व्हायचेच. कधी ज्योती दिसायची, कधी आदेश व्हायचा. हातात अत्तर लावलेला रुमाल, आणि बोलून झाल्यावर चेहऱ्यावर एक तृप्ती, जेवण चांगले झाल्यासारखी. तुझ्या खोलीतल्या भिंतींना हे ऐकावे लागते, याचा मला संताप येई. पण तुमच्या रीतीप्रमाणे बैठकीत कोणी बोलले तर त्याला उत्तर द्यायचे नसते. ते बोलणे जिरू द्यायचे. गार्डसाहेब, जे रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून एकही रविवार चुकलेले नाहीत, आणि ते शाळामास्तर नवरा-बायको, तिघेही जिरू देत होते.

एका रविवारी शेठजी डोळे मिटूनच म्हणाले, "भीतर से आदेश हुआ है. कामठावाली अम्मा बरामदे में बैठें, तो सबका ध्यान लगेगा. उनको हवा भी मिलेगी." कोणी बोलले नाही. रीत तशी आहे. तिघांचे डोळे मिटलेलेच राहिले. शेठजींनी थोडा वेळ जाऊ दिला आणि म्हणाले, "तो सबकी सम्मति है." म्हातारी भिंतीचा आधार घेऊन उठली, चटई गुंडाळून बाहेर गेली.

वास येत होता. तिच्या पायाला त्या दिवसांत जखम होती, आणि शेठजी खोटे बोलले नाहीत, हे नोंदवले पाहिजे. पण आपल्या नाकाची तक्रार त्यांनी देवाच्या तोंडी घातली, आणि वर हवेची साखर भुरभुरली. इतके ओंगळ काही मी तुझ्या अंगणातही पाहिले नव्हते. त्याहून अधिक किळस मला त्या मिटलेल्या पापण्यांची आली. भली माणसे, आणि भलेपणानेच गप्प. मी उभी राहिले.

"शेठजी, इथे मौन म्हणजे होकार नव्हे."

"ताईजी, यहाँ बहस नहीं होती. आप ही के घर का नियम है."

"आतून आलेल्या बोलण्याला उत्तर द्यायचे नाही, असा नियम आहे. तुम्ही ठराव मांडलात आणि स्वतःच मंजूर केलात."

"प्रकाश तो मेरे भीतर भी है ना?"

"असेल. मग तो सांभाळून घरी न्या, आणि परत आणू नका."

बाहेरून म्हातारीचा आवाज आला, "कायले भांडून रायल्या जी म्याडम? मी अठी बरी हावो. अंदर तं त्या बुढ्याच्या अत्तरानं माह्यं डोस्कं उठते." गार्डसाहेब डोळे मिटूनच हसले. शेठजी चपला घालून गेले, ते आजतागायत आलेले नाहीत.

इथे संपले असते तर मी तुला लिहिले नसते. पुढच्या रविवारी म्हातारी तिच्या जागेवर बसली, आणि महिन्याभरात तिनेच चहाच्या वेळी विषय काढला. "तो बुढा काऊन येत नाही? बलावा नं त्याले. घरी एकटाच बसून रायते म्हणतेत." गार्डसाहेब म्हणाले, शेठजी भेटले होते, बैठकीची चौकशी करत होते. मास्तरांची हरकत नव्हती, त्यांच्या बायकोचीही नव्हती. तुमच्यात मतदान होत नाही. सगळ्यांची मने एका ठिकाणी येईपर्यंत थांबायचे, आणि एकालाही पटले नसेल तर त्याने "मला अजून मोकळे वाटत नाही" एवढेच म्हणायचे. कारण द्यावे लागत नाही. कारण न देता नकार देण्याचा हा अधिकार मला आयुष्यभर अडाणीपणाचा वाटला. त्या दिवशी मी तो वापरला. माझ्याजवळ कारणे तयार होती, क्रमाने लावलेली. कोणी विचारलीच नाहीत. म्हातारीने बशीत चहा ओतला आणि म्हणाली, "बरं, थांबू मंग." तेव्हापासून सगळे दर रविवारी माझ्यासाठी थांबतात.

मी हे तुझ्याच भाषेत मांडून पाहिले. प्रत्येक माणसाच्या आत तो आहे. शेठजी माणूस आहेत. पुढचे वाक्य फळ्यावर लिहायची वेळ येते तेव्हा मी खडू खाली ठेवते. पहिले विधान माझे नाही, तुझे आहे, तेव्हा ते सोडून देणे सोपे असायला हवे होते. सोडून पाहिले. मग त्या दिवशी शेठजींनी नेमके काय बाहेर काढले, हे मला सांगता येईना. नुसत्या पायाचा अपमान होत नाही. जो अपमान माझ्या अंगाला इतका झोंबला, तो कोणाचा, याचे दुसरे उत्तर मला मिळालेले नाही.

गार्डसाहेबांनी तुला एकदा विचारले होते, की आतून आलेले बोलणे आणि आपल्याच मनातले बोलणे वेगळे कसे ओळखायचे. तू म्हणालीस, "ज्याले बोलाचं जिवावर येते, त्याचं आतून आलं समजा." शेठजींच्या कधी काही जिवावर आले नाही. त्या दिवशी उभे राहणे माझ्या मात्र जिवावर आले होते, इतकी वर्षे वर्गापुढे उभ्या राहिलेल्या बाईच्या. मुद्दे नंतर जुळले. उभी मी आधी राहिले होते. याचा अर्थ काय होतो ते मी लिहिणार नाही. तू फार खूश होशील.

आज रविवार आहे. सगळे बाहेरच्या खोलीत बसले आहेत, आणि मी चहाचे आधण ठेवून स्वयंपाकघरात हे लिहीत आहे. हा कागद बाहेर नेऊन त्यांना वाचून दाखवावा, असे क्षणभर वाटले. नेणार नाही. थोड्या वेळाने शेठजींचा विषय निघेल, आणि मला अजून मोकळे वाटत नाही असे मी म्हणेन. ते म्हणणे आता माझ्या मुळीच जिवावर येत नाही, आई. आठवडाभर मी त्या वाक्याची वाट पाहते.