दोन कॅमेरे आणि आक्काचं कोपर

शहापूर, बेळगाव

तीर्थस्वरूप बायाक्कास,

धाकटा भाऊ तम्मण्णा याचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडं आम्ही उभयता, दोन्ही माग आणि दारातलं मांजर खुशाल आहोत. तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि तुमची ती मारकी म्हैस यांची खुशाली तू कळवणार नाहीस हे माहीत आहे, कारण प्रियदर्शनीच्या लग्नाचा अल्बम आल्यापासनं तू आमच्याशी अबोला धरलायस. फोन केला तर दाजींच्या हातात देतीस आणि मागनं त्यांना उत्तरं सांगतीस (ऐकू येतं गं आक्का, सगळं ऐकू येतं). म्हणून हे पत्र. तेही तू दाजींनाच वाचायला लावशील. दाजी, तुम्हालाही नमस्कार, जरा मोठ्यानं वाचा.

तुझा राग रास्त आहे, हे आधीच लिहून टाकतो. एवढा जाडजूड अल्बम! त्यात नवऱ्या मुलाच्या मित्रांचे गॉगल आहेत, आचाऱ्याचा झारा आहे, मांडवात शिरलेली शेळी दोन पानं अडवून उभी आहे, आणि माझ्या लेकीची सख्खी आत्या कुठं? तर पंगतीच्या फोटोत डाव्या कडेला एक कोपर. बांगड्यांवरनं मी ओळखलं. (आता हेही खरं की फोटोवाला ‘आत्याबाई या, आत्याबाई या’ करून घसा फोडत होता, तेव्हा आत्याबाई किल्ली कनवटीला लावून कोठीच्या दारात लाडवांवर पहारा देत होत्या. पण जाऊ दे. थोरांच्या चुका काढू नयेत.) तू म्हणालीस, “ज्या घरच्या फोटोत मी न्हाय, त्या घरात माझं काय काम रं?” आणि गेल्या नागपंचमीला मी न्यायला आलतो तर चहा दिलास, तंबिटाचा लाडू दिलास आणि एकट्याला परत लावून दिलंस. घरी आलो तर माळ्याच्या तुळईला झोका बांधून तयार. तुझ्या भावजयीनं, सुवर्णानं, तो सोडून ठेवला. मला लई वाईट वाटलं, आक्का.

त्याच दिवशी ठरवलं की परक्या फोटोवाल्याच्या नादाला लागायचं नाही, आपणच शिकायचं. गल्लीत सांगितलं, साठीच्या माणसाला काहीतरी छंद पाहिजे. आपल्या गल्लीतल्या भावकूचा लेक मंथन आहे ना, त्याचं कॅमेऱ्याचं दुकान आहे. घरचाच पोरगा. म्हणाला, “काका, दोन नेऊन बघा, एक ठेवा, एक परत आणा.” हल्लीच्या कॅमेऱ्यातनं आतला आरसा काढून टाकलेला असतो, त्याला मिररलेस म्हणायचं. शिवाय बॉडी वेगळी आणि लेन्स वेगळी. म्हणजे सदरा एकीकडनं घ्या, बटणं दुसरीकडनं. मी त्यांना थोरला आणि धाकटा अशी नावं ठेवली. थोरला जडशीळ, आत मोठा सेन्सर. गळ्यात अडकवला की माणूस आपोआप सगळ्यांना वाकून नमस्कार करतो. धाकटा हलका, आणि हात थरथरला तर तो आतल्या आत सावरून घेतो. मंथननं विचारलं, “काका, हात हलतो का तुमचा?” मी भडकलो. म्हटलं, बाळा, उभा जन्म तुटक्या धाग्याला गाठी मारण्यात गेला. हात हलला असता तर जेवलो असतो का? थोरलाच बघू आधी.

तर थोरला घरी आला आणि बिघडला. मांजर काढलं, दोन मांजरं आली. सुवर्णा काढली, तिला चार भुवया. दुकानात नेला, तर तिथं शहाण्यासारखा वागतो. मंथनच्या दाढीचा केस न् केस मोजून घ्या. कणकुंबीच्या रानात नेला, झाडावरचा धनेश पक्षी असा आला की त्याच्या चोचीवरचा ओरखडा दिसावा. घरी आणला, पुन्हा चार भुवया. सुवर्णा म्हणाली, “अहो, ह्याला कुणाची तरी नजर लागलीया.” तिनं मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. (मोहऱ्या तडतडल्या नाहीत, म्हणजे नजर लई कडक, असं तिचं मत पडलं.) मी दुकानात इतक्या खेपा घातल्या की शेवटी मंथनच घरी आला. ओसरीवर उभा राहिला आणि म्हणाला, “काका, घर हलतंय.”

घर हलतंय म्हणे! सुवर्णा तर पदर खोचूनच उठली. “आबांनी घातलेला पाया हाय, हलंल कसा?” मंथननं काठोकाठ भरलेला तांब्या जमिनीवर ठेवला. दोन्ही विजेचे माग धडधडत होते. पाणी थुईथुई नाचून कडेनं सांडायला लागलं.  आक्का, जन्मल्यापासनं आपण त्या हलण्यातच वाढलो, म्हणून आपल्याला ते कधी कळलंच नाही. आपल्याकडं चहाचा कप पाऊणच भरतात ना? मला वाटायचं, रीत आहे. तू निपाणीला नांदायला गेलीस तेव्हा तिथंही पाऊण कप द्यायला लागलीस, आणि तुझ्या सासूबाई महिनाभर म्हणत होत्या, सून हाताची आखडती आहे. ते सगळं ह्या मागांपायी गं! तेवढ्यात करंट गेला, माग थांबले, आणि थोरल्यानं सुवर्णाचा फोटो असा काढला की तिच्या कपाळावरचं गोंदण मोजून घ्यावं. (तिनं तो पुसायला लावला. म्हणाली, एवढं खरं नको.)

मग धाकटा काढला. तो आमच्या हलत्या घरात, माग चालू असताना, फोटो एकदम स्वच्छ काढतो. झालं, सुटलो, म्हणेस्तोवर सुवर्णानं नुकतंच मागावरनं उतरलेलं बारीक चौकडीचं लुगडं खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, काढा. काढला. बघतो तर चौकडीवर नागमोडी लाटा! तांबड्या, हिरव्या, नदीला पूर आल्यागत. सुवर्णाचा चेहरा पांढरा पडला. विणकराच्या घरात कापडात दोष म्हणजे काय, तुला सांगायला नको. तिनं माग थांबवला, फणी तपासली, धागा न् धागा मोजला, रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मंथन म्हणाला, “काकी, लुगडं बरोबर हाय. लई बारीक चौकडी असली की ह्या कॅमेऱ्याचे डोळे फिरतात. थोरल्याला ती खोड न्हाय.” त्यावर सुवर्णानं धाकट्याकडं अशा नजरेनं बघितलं, जशी तू अल्बमकडं बघितली होतीस.

तर अशी अडचण आहे. थोरल्याला कापड कळतं, पण माग बंद पाहिजेत. धाकटा हलत्या घरात टिकतो, पण कापडाची बदनामी करतो. मागही आमचेच आणि कापडही आमचंच, मग ठेवायचा कुठला? घरात थोरली तू. लहानपणापासनं माझी पाटी, माझी चप्पल, माझी बायकोसुद्धा तूच निवडलीस. हेही तूच सांग.

प्रियदर्शनी सासरी सुखी आहे, आत्याची आठवण काढते. दाजींना औषध वेळेवर दे. बोलणं बंद असलं तरी लोभ चालू ठेवावा, ही विनंती.

तुझा,
तम्मण्णा

ता. क. — वर सल्ला विचारलाय खरा, पण धाकटा मी कधीच परत केला. थोरला ठेवला. मंथननं कपाळाला हात लावला, म्हणाला, “काका, माग बंद असल्याशिवाय घरात चालत न्हाय, असला कॅमेरा कशाला?” त्याला काय ठाऊक! पंचमीला कापायचं नाही, चिरायचं नाही, धागासुद्धा तोडायचा नाही. आबांच्या वेळेपासनं त्या दिवशी आपले माग बंद. एवढा एक दिवस घर हलत नाही. मला तेवढा एक दिवस पुरतो.

ता. क. दुसरा — ते बारीक चौकडीचं लुगडं तुझं आहे. डाळिंबी काठ, तुला आवडतो तसा. सुवर्णानं स्वतः मागाशी उभं राहून काढलंय, म्हणून तर तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळच्या बसनं न्यायला येतोय. झोका बांधून ठेवलाय. ह्या वेळी चहा नको, लाडू नको, पिशवी भरून दारात उभी राहा. आणि आल्यावर कोठीत जायचं नाही. किल्ली माझ्याकडं राहील.

ता. क. तिसरा — तुझं ते अल्बममधलं कोपर मंथनकडनं मोठं करून, चौकटीत बसवून, बाहेरच्या खोलीत लावलंय. येणारा-जाणारा विचारतो, हे काय? मी सांगतो, आमची आक्का. एवढीच आली आहे, बाकीची यायची आहे. पाडव्याला सुवर्णा भोळेपणानं त्याला हार घालायला निघाली होती, मी धावत जाऊन हात धरला. लवकर ये बाई, दर सणाला मला पहारा करता येणार नाही.