पास्टरांच्या शिक्क्याचं पत्र

ब्रॉक्टन, अमेरिका
६ मार्च २०२३

ती. गेर्दाताईस,
फ्रिट्झनेरचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितो. आश्रयाच्या अर्जाची सुनावणी जूनमध्ये आहे. हैतीत परत गेलो तर दुकान जाळणारी ती माणसं मला जिवंत सोडणार नाहीत, हे कोर्टाला पटलं आणि आश्रय मिळाला, की नादेजला आणि माइतेला तुझ्याकडून इकडे बोलावता येईल. बायको-लेकीला पाहून चौदा महिने झाले, ताई. वकीलबाईंना माझ्या चिलीतल्या दिवसांबद्दल कुणाचं तरी पत्र हवंय. तू लिही, पण तिखटमीठ लावू नकोस.

तुझा लाडका आणि अर्धपोटी भाऊ,
फ्रिट्झ

---

किलिकुरा, सान्तियागो, चिली
२ एप्रिल

चि. फ्रिट्झनेर यास अ. उ. आ.

पत्र धाडलं! पास्टर ओनेलांचा शिक्का मारून घेतला. एक प्रत वकीलबाईंना, एक थेट कोर्टाला. मोठ्या साहेबाच्या हातात कागद पडल्याशिवाय आपल्याकडे कधी काम झालंय? माझा भाऊ कुणी भटका नाही, हे कळू दे त्यांना. लिहिलं, की सहा वर्षं गवंडीकाम केलंस, इथे राहण्याचा कायमचा परवाना मिळवलास, स्वतःच्या हाताने दोन खोल्या बांधल्यास, दार हैतीतल्या आपल्या पेती-ग्वावच्या घरासारखं निळं रंगवलंस.

लिहिता लिहिता मीच रडले. एक जानेवारीला, हैतीच्या स्वातंत्र्यदिनी, तू भोपळ्याचं सूप करून सगळ्या गल्लीला वाटायचास. शेजारच्या रूथबाई डॉमिनोत हरल्या, तेव्हा आपल्या रिवाजाप्रमाणे त्यांच्या कानांना कपड्यांचे चिमटे लावलेस, आणि त्या तशाच पाव आणायला गेल्या! अजून विचारतात, तो दांडगोबा कधी येणार म्हणून. नादेज बरी आहे. दात पडल्यापासून माइते तोंड झाकून हसते.

माया आहेच, वेळेवर जेवून ती सांभाळ.
तुझी गेर्दाताई

---

ब्रॉक्टन
२४ एप्रिल

ती. गेर्दाताईस शि. सा. न. वि. वि.

काय करून बसलीस गं! इथला कायदा असा, की इथे येण्याआधी ज्याला दुसऱ्या देशाने कायमचं ठेवून घेतलंय, त्याला आश्रय नाही. म्हणून तर चिलीहून इकडे जंगलातून चालत येताना सगळ्यांसारखं मीही परवान्याचं कार्ड नदीत फेकलं. वकीलबाईंनी ते ऐकून कपाळाला हात लावला. सरकारदरबारी नोंद राहतेच, म्हणाल्या. आता एकच वाट होती, चिलीत मी नुसता दिवस काढत होतो, हे पटवायचं. आणि तू कोर्टाला निळं दार पाठवलंस!

रागावलोय. तरी माइतेचा फोटो पाठव.

फ्रिट्झ

---

किलिकुरा
१५ मे

चि. फ्रिट्झनेर यास अ. उ. आ.

मी काय वकील आहे? इकडे परवाना हवा तर माणूस स्थिरस्थावर दिसावा लागतो, तिकडे बेघर, हे मला कोण सांगणार? पण चूक माझीच. म्हणशील तर दुसरं पत्र लिहिते, की तू इथे कधी नीट राहिलाच नाहीस. पास्टर शिक्का मारणार नाहीत, पण मी लिहीन. फक्त नादेजला दाखवू नकोस. तिचं लग्न याच अंगणात लागलं.

राग ओसरला की दोन ओळी लिही.
गेर्दाताई

---

ब्रॉक्टन
२१ जून

ती. गेर्दाताईस शि. सा. न. वि. वि.

दुसरं पत्र लिहू नकोस. काल सुनावणी झाली. चिलीत कसे राहत होता, असं न्यायाधीशबाईंनी विचारलं. जेमतेम, असं उत्तर पाठ केलं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. बांधकामावर आपल्या लोकांना काय काय ऐकवतात ते तुला ठाऊक आहे. पण तुझं पत्र त्यांच्या हातात होतं. त्यांनी विचारलं, मग तुमची बहीण खोटं लिहिते का? ताई, तुला खोटारडी कसं म्हणू? सगळं खरं सांगितलं.

आश्रय नाकारला. तिथे जिवाला धोका आहे हे पटलं, म्हणून हैतीत मला पाठवणार नाहीत. इथे राहून काम करता येईल, पण त्या कागदावर नादेजला आणि माइतेला कधीच बोलावता येणार नाही. वकीलबाई अपील करू म्हणत होत्या. मी विचारलं, माझा चिलीचा परवाना अजून चालेल का? दोन वर्षं व्हायच्या आत परतलात तर चालेल, म्हणाल्या.

पेती-ग्वाव सोडल्यापासून आठ वर्षं मी घर म्हणालो, की मला तेच घर म्हणायचं असायचं. तुमच्या अंगणाला मी तो मान कधी दिलाच नाही. शेवटी तो एका परक्या बाईने निकालात लिहून दिला. माइतेला सांग, बाबा घरी येतोय.

तुझ्या मायेत आहे तशीच जागा ठेव.
फ्रिट्झ