गॅरेजला लावलेले पडदे

केडगाव,
७ डिसेंबर

प्रिय एंजेला,

अक्षर मुद्दाम मोठं काढतो आहे. जॉनरावांना वाचून दाखवायला सांगू नकोस, निदान पहिल्यांदा तरी. थांबत थांबत का होईना, तूच वाच.

सॅमने घरच्या गॅरेजमध्ये वेल्डिंग पुन्हा सुरू केलंय. तुझा डोळा गेल्यापासून चार वर्षं तो दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये राबत होता. या वेळी पडदे मी लावले, आणि नीट लावले. चौकोनी पाइपच्या तीन चौकटी, खाली चाकं, आणि वेल्डिंगसाठीच मिळतो तो जाड, गडद हिरवा पडदा. धूर कोंडू नये म्हणून तळाशी वीतभर मोकळं सोडलंय. आतल्या पांढऱ्या भिंतीला राखाडी रंग दिला, कारण पांढऱ्यावरून उजेड परत फिरतो. मग सॅमला आत काम करायला सांगून मी पायरीवर बसलो, स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहिलो, आणि शेवटी दारापुढच्या ओट्यावर तुझी खुर्ची असायची तिथे बसलो. कुठूनही झगमग दिसली नाही. शेजारच्या कडूबाई कुंपणावरून म्हणाल्या, "आता लावताय व्हय पडदे? बहिणीचा डोळा गेल्यावर?" मी हसलो. का हसलो, ते मलाच कळलं नाही.

तुझ्या वहिनीने, रूथने, परवा तुझा निरोप सांगितला. जिथे सॅम असेल तिथे तू येणार नाहीस. एंजेला, सत्तावीस तारखेला सॅमच्या कृपाचं लग्न आहे. मुलीचा बाप चर्चमध्ये नसेल तर कुठे असेल? कृपा तिथेच भाजी निवडत बसली होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "आत्याचं नाव पत्रिकेत छापून झालंय, काकू." आणि निवडत राहिली. सॅम उठून गॅरेजमध्ये गेला. तो या घरात चार वर्षं असाच उठून जातो.

त्या मे महिन्यात तू सुट्टीला आली होतीस. तुला दहावीचे पेपर तपासायचे होते आणि घरात उकडतं म्हणून तू खुर्ची ओट्यावर टाकलीस. गॅरेजच्या तोंडाला तेव्हा फ्लेक्स बांधलेला होता, कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाचा, चौकातून काढून आणलेला. आपल्याकडे फ्लेक्स कशालाही चालतो. कांद्यावर घाला, गोठ्याला बांधा, पावसात छपरावर टाका. पण तो एका बाजूने हातभर कमी पडत होता, आणि ती फट नेमकी तुझ्या खुर्चीसमोर होती. प्रत्येक पेपर संपला की तू मान वर करायचीस. वीस दिवस. एकदा संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय म्हणालीस, तेव्हा आईने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या आणि सकाळी बरं वाटलं म्हणून तू परत तिथेच बसलीस. कडूबाई तेव्हा म्हणायच्या, तुमच्याकडं रोजच दिवाळी हाय. आपण सगळे हसायचो. जुलैत डॉक्टरांनी उजव्या डोळ्याच्या मधोमध पडलेला डाग दाखवला आणि तो जाणार नाही म्हणून सांगितलं.

तू मला लहानपणापासून चिडवत आलीस, दादा रोज पापांची हजेरी घेतो. ती हजेरीची डायरी मी काल उघडली. त्या वर्षीच्या वीस एप्रिलला लिहिलंय: "आज मोह टाळला." सुप्याच्या आमच्या कारखान्यात वेल्डिंगचे जुने पडदे बदलले होते. कडा फाटलेल्या, बाकी धड. स्टोअरचे भीमराज म्हणाले, "साहेब, भंगारातच चाललेत. दोन न्या, घरी भावाला कामाला येतील." मी नको म्हणालो. कंपनीचा खिळासुद्धा घरी न्यायचा नाही, हा माझा नियम. त्यावर मी किती खूश होतो, ते अक्षरावरूनही कळतं. मी तिथे सुरक्षेचा प्रशिक्षक. दर सोमवारी चाळीस जणांना सांगायचो की उघड्या डोळ्यांनी त्या ठिणगीकडे बघू नका. परवानगीची चिठ्ठी मागितली असती तर दहा मिनिटांचं काम होतं. पण मागणं म्हणजेसुद्धा हात पसरणं, असं मला वाटलं. स्वतःच्या स्वच्छपणाची इतकी काळजी घेणारा माणूस घरात असू नये.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. सॅमने मला दोनदा विचारलं होतं, "दादा, खरे पडदे मागवू का? समोर घरची माणसं बसत्यात." मी म्हणालो, पुढच्या महिन्यात बघू, तोवर हे चालेल. तो फ्लेक्स सॅमने बांधला नाही. शिडीवर चढून मी बांधला. कमी पडतोय हे मला वरूनच दिसलं होतं. आणि दवाखान्यात जॉनरावांनी "हा मूर्खपणा कुणाचा?" म्हणून विचारलं, तेव्हा मी तुझ्यादेखत म्हणालो, "मी सॅमला किती वेळा बजावलं होतं." सॅमने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. मी मोठा, म्हणून. त्या दिवसाचं पान डायरीत कोरं आहे. काल पडदे लावून झाल्यावर मी त्याला म्हणालो, एंजेलाला सगळं लिहितो. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे दादा. तिला माझा राग धरायची सवय झालीया. आता तुझा धरायला लावतो व्हय?" हे तो मला वाचवायला बोलला की टोचायला, मला ठरवता आलं नाही. तू कृपाच्या लग्नाला ये. मला क्षमा करायची घाई करू नकोस. ती मी या पत्रात मागत नाही. सत्तावीसला मी दिवसपाळी मागून घेतली आहे, म्हणजे चर्चमध्ये तुला मला टाळावं लागणार नाही. हे मी तुझी सोय म्हणून केलं की तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत नाही म्हणून, यावर कालपासून विचार करतोय. बहुतेक दुसरंच.

तुझाच, पण आता तू ठेवशील तेवढाच,
दानीएल