कोयत्याची निशाणी

ठाणे, फेब्रुवारी १८८६

प्रिय स्टेला,

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावली असशील, तर रागाव. माझं डोकं सध्या ठिकाणावर नाही, शाळेत फळ्यावर एक लिहायचं तर भलतंच लिहितो. आई बरी आहे. तिला मी अजून सगळं सांगितलेलं नाही. तुला मात्र पहिल्यापासून सांगायचं आहे, तेव्हा घाईनं शेवटच्या पानावर जाऊ नकोस.

विश्राम भंडारी तुला आठवणार नाही. खाडीपलीकडे कळव्याला माडी काढायचा. गेल्या वर्षी एक दिवस तो शाळेच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, मला इंग्रजी शिकवा. चाळिशी उलटलेली, एक अक्षर ठाऊक नाही. मला हसूच आलं. कशाला रे बाबा, असं विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं. चोरून माडी काढल्याच्या नुसत्या संशयावरून माडीचा सरकारी मक्ता घेतलेल्या मक्तेदाराच्या शिपायांनी त्याच्या थोरल्या भावाला, उत्तमला, त्याच्याच माडाला बांधून चाबकानं फोडला होता. एक डोळा कायमचा गेला. कचेरीसमोरच्या अर्ज लिहिणाऱ्याकडून त्यांनी तक्रार लिहून घेतली, पण तो मक्तेदाराच्या बैठकीतला, त्यानं इंग्रजीत काय लिहिलं देव जाणे. आता कलेक्टर साहेबाला त्याच्या भाषेत, आपल्या हातानं लिहायचं, एवढंच विश्रामच्या मनात होतं. भावाला न्याय मिळाल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही, म्हणाला. माझं हसू तिथेच जिरलं.

शिकवताना जीव मेटाकुटीला यायचा. पेन्सिल तो कोयत्यासारखी मुठीत आवळायचा आणि मोडायचा. माडावर चढला की शेंड्यावरून ‘आय वेंट, यू वेंट’ घोकायचा, आणि खाली त्याची बायको आवडाबाई कपाळाला हात लावायची. माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी पाटी आपटायचो, गाढवा म्हणायचो. तो माझ्याहून वयानं मोठा, पण मान खाली घालून पुन्हा लिहायचा. असं करत करत त्यानं एकदाचा अर्ज लिहिला. वाकडातिकडा, पण सगळा त्याचा. भावाला कुणी बांधलं, कुणी मारलं, डोळा कसा गेला. वाचताना माझा ऊर भरून आला, आणि तसं मी त्याला सांगितलंही.

भंडाऱ्यांचे अर्ज आजवर ‘समस्त भंडारी’ म्हणून जायचे, आणि खाली सहीच्या जागी कोयत्याचं चित्र. कुणब्याची निशाणी नांगर, तशी यांची कोयता. कुणीही काढला तरी कोयता सारखाच, त्यामुळे अर्जामागे नेमका कोण हे कळायचं नाही. तोच त्यांचा आडोसा होता. मी म्हटलं, विश्राम, या खेपेलाही कोयताच काढ. त्यानं कागद पुढे ओढला.

“मास्तर, नाव लिवाला शिकलो तां काय लपवाला?”

आणि त्यानं इंग्रजीत पूर्ण नाव लिहिलं, गावासकट.

साहेबानं तो अर्ज वाचला की नाही कोण जाणे. रिवाजाप्रमाणे तो चौकशीसाठी खालच्या कचेरीत गेला, आणि तिथून थेट मक्तेदाराकडे. पुढच्या रविवारी मी चर्चमधून मिस्सा आटपून घरी आलो, आई मागेच राहिली होती, विश्राम तुझ्यामाझ्या घराच्या ओसरीवर पाटी घेऊन बसला होता, तेवढ्यात ते आले. शिपाई आणि त्यांचा जमादार. जमादारानं मला नावानं हाक मारून बाजूला व्हायला सांगितलं, अगदी घरच्यासारखं. मग त्यांनी विश्रामला केसांना धरून अंगणात ओढला. आधी काठ्यांनी गुडघे फोडले. तो पालथा पडला तेव्हा जमादारानं त्याचा उजवा हात जोत्याच्या दगडावर दाबून धरायला लावला, त्याच्याच कमरेचा कोयता उपसला, आणि कोयत्याच्या पाठीनं बोटं ठेचली, एकेक करून. वर विचारत होता, आता लिही, काय लिहितोस? त्यानंतर पोटात लाथा. विश्राम रक्त ओकला तरी थांबले नाहीत. शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. मी पाटी उचलून जमादाराच्या कपाळावर फोडली. हातात उरलेला तुकडा मला त्याच्या गळ्यात खुपसायचा होता. दोघांनी मला धरलं म्हणून राहिलं, आणि खरं सांगतो, राहिलं याचं मला अजून वाईट वाटतं.

स्टेला, युजीन घोड्यावरून पडला आणि त्याच्या कपाळाला तू रोज हळद भरतेस, असं लिहिलंस. तो पडला नाही. ती जखम माझ्या हातची आहे. मी घरचा माणूस, तोंड उघडणार नाही, या भरवशावर त्यानं तुझ्यामाझ्या आईच्या अंगणात हे केलं. काल इस्पितळात विश्रामनं प्राण सोडला. कालपर्यंत मारहाण होती, आता खून आहे. शेजारी म्हणतात आम्ही काही पाहिलं नाही, आवडाबाई तिथे नव्हती, म्हणजे उरलो मी एकटा. उद्या मी जबानी देणार आहे. माझ्या शब्दावर तुझा नवरा, लुसीचा बाप, फासावर जाऊ शकतो. मी रात्रंदिवस विचार केला, आणि मागे हटणार नाही. मला शिव्या दे, माझं तोंड पाहू नकोस, पण हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिलं. हे पत्र त्याला दाखवायचं की चुलीत घालायचं, ते तुझं तू ठरव. परवा सकाळी पोलीस तुमच्याकडे येतील. लुसीला घेऊन मागच्या खोलीत जा. दार तू उघडू नकोस, त्याला उघडू दे.

काही झालं तरी तुझाच भाऊ,
फिलिप