बाकावर बसवलेली

३ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उशिरा लिहिते आहे, रागावू नकोस. पिंगीच्या मधुमेहाचं कळल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. इन्सुलिनची सुई ती हूं की चूं न करता घेते, डोळ्यांना पदर मीच लावते. शाळेत साखर उतरली तर, या धास्तीने मी बाईंना बजावून आले होते, की पोरीला थरथरलं की साखरेची गोळी द्या, खेळ बंद करा, मला बोलवा. बाई माझ्याहून घाबरट, उठसूट बोलवायच्या. हल्ली मात्र बोलावणंच नाही. देव पावला म्हणायचा!

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी,
धाकटी

१२ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न.

काल पिंगीने वर्गात मान टाकली. शुद्ध होती म्हणून बाईंनी साखरपाणी पाजलं, थोडक्यात निभावलं. मग कळलं, थरथर सुरू झाली की ही खूण म्हणून वेणी पुढे घ्यायची आणि शेजारची मैत्रीण बाकाखालून गोळी सरकवायची. काल मैत्रीण आली नव्हती. मग बाईंकडे मागायला काय झालं होतं? विचारलं तर तोंडाला कुलूप. मला फार भीती वाटते, ताई. शाळाच सोडवावी म्हणते. तुझ्यापाशी ती बोलते, तूच विचार.

तुझी,
धाकटी

२० ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पिंगीचं उत्तर आलं. थरथरतंय म्हटलं की बाकावर बसवतात, आई रडत येते, म्हणून ती सांगत नाही. अगं, खरं बोलल्याची शिक्षाच झाली की ही! तूही ताप लपवून झाडावर चढायचीस, पोर तुझ्यावरच गेली आहे. बाईंना सांग, गोळी द्या, बसवा, साखर तपासा आणि ठीक झाली की परत खेळायला सोडा.

तुझी,
ताई

२ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

बाई तयार झाल्या. आज शर्यतींचा सराव होता, मी कुणाला न सांगता फाटकाबाहेर उभी होते. पळता पळता पिंगी थांबली आणि बाईंना हात दाखवला. आत धावावंसं वाटलं, पण गज घट्ट धरून ठेवला. गोळी खाऊन ती बसली. बऱ्याच वेळाने बाईंनी बोट टोचून तपासलं, मान हलवली, तशी ती पुन्हा पळायला गेली. शेवटून पहिली आली!

घरी आल्यावर आपणहून म्हणाली, आज थरथरलं होतं. मला काहीच ठाऊक नसल्यासारखं मी सगळं ऐकून घेतलं.

अशीच माझा कान धरत राहा.
तुझी,
धाकटी