बंद पाकिटातली कृष्णविवरं

तीर्थस्वरूप ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

तुझा गुडघा आता कसा आहे? भावोजींचा खोकला गेला का? त्यांनी दिलेली जुनी स्कूटर अजून छान चालते (उतारावर). फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून. बाकी काम काही नाही, सहज खुशाली.

इकडे कॉलेजात माझे तीन विद्यार्थी गुरुत्वीय लहरी शोधतात. लांब कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळतात आणि अवकाश किंचित थरथरतं. ती थरथर यंत्रांच्या नोंदींतून हुडकायची. नोंदी म्हणजे नुसती खरखर (तुमच्या शेजारणीचा मिक्सर आठव). पोरं खरंच शोधतात की नुसती मान डोलावतात, हे कळायला आमच्यात एक रीत आहे. शिकवणाऱ्याने गुपचूप अशा थरथरीची एक खोटी खूण नोंदींत पेरायची, तिची तारीख-वेळ चिठ्ठीवर लिहायची, पाकीट बंद करायचं आणि गप्प बसायचं. मीही पेरली. संगणकावर मात्र कुठे लिहून ठेवलं नाही, कारण ही पोरं संगणकाच्या पोटातून काहीही काढतात.

पंधरा दिवसांत शंकासुराला (मुलगी आहे, प्रत्येक गोष्टीवर शंका काढते म्हणून हे नाव) खूण सापडली. मी छाती फुगवून प्राचार्यांना सांगितलं, ही मीच पेरलेली! त्यांनी शाबासकी दिली, मला. आणि गेल्या सोमवारी पोरीने दुसरी खूण आणली. ताई, मी एकच पेरली होती. या दोन्हींतली माझी कुठली, ते काही केल्या आठवेना. चेहरा गंभीर करून म्हणालो, "विचार कर." तेव्हापासून ती विचार करतेय. डबा तसाच परत नेते. येत्या शुक्रवारी तिला बड्या मंडळींपुढे काम मांडायचंय. माझी खोटी खूण तिने खरी म्हणून मांडली तर ती तोंडघशी पडेल, आणि खरी असलेली खोटी समजून टाकून दिली तर वर्षभराची मेहनत पाण्यात. मला फार लाज वाटते. बाकी सर्व ठीक.

तुझा
धाकटा

ता. क. गेल्या महिन्यात तुला एक बंद पाकीट दिलं होतं आणि "मी स्वतः मागितलं तरी देऊ नकोस" असं बजावलं होतं. परवा फोनवर तू मला तेच ऐकवून फोन ठेवलास. म्हणून हा लेखी अर्ज. पाकीट उघड आणि आतली वेळ कळव.

आणखी एक ता. क. पत्राची घडी घालत होतो, तेवढ्यात शंकासुर आली. म्हणाली, "सर, दुसरी खूण तुमची आहे. एका कृष्णविवराचं वजन एक्केचाळीस सूर्यांएवढं येतं, दुसऱ्याचं सतरा. विश्वाला तुमच्या स्कूटरचा नंबर कसा माहीत असेल?" (खोटी खूण बनवताना कृष्णविवरांची वजनं ठरवावी लागतात; मी ती स्कूटरच्या नंबरावरून घेतली आणि साफ विसरलो.) हे तिला सोमवारीच कळलं होतं. आठवडाभर ती विचार करत होती तो सरांना सांगायचं कसं, याचा. म्हणजे पहिली माझी नव्हेच. ती आकाशातून आली की यंत्राच्या कुरकुरीतून, ते अजून तपासायचंय; पण मी परस्पर लाटलेलं श्रेय शुक्रवारी प्राचार्यांसमोर परत करायचंय.

शेवटचं ता. क. पाकीट उघडू नकोस. शुक्रवारी तूच घेऊन ये आणि तिच्या हातात दे. चिठ्ठीत वेळेच्या खाली मी एक ओळ जास्तीची लिहिली आहे: "ही शंकासुराला जन्मात सापडणार नाही." तेवढी तिला मोठ्याने वाचू दे. तू फक्त माझ्या शेजारी बस.