शिवेपलीकडे राखणदार

वेंगुर्ले, १० सप्टेंबर २००६

चि. सुशांतास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझी पलटण शांतिसेनेत गेली तो काँगो नेमका कुठे, ते पोस्टमनलाही ठाऊक नाही. परक्यांची भांडणे मिटवायला आमचोच झील गावलो काय, असे तुझे बाबा विचारतात आणि जाळे सांधत बसतात.

मी स्वस्थ बसले नाही. आपला राखणदार देव रात्री गावाची शीव फिरतो, म्हणून त्याला वहाणा देतात. मी त्याच्या देवळाच्या पायरीवर नव्या ठेवल्या आणि गुरवाला न विचारता गाऱ्हाणे घातले, की शीव ओलांड आणि माझ्या झिलामागे उभा राहा. दुसऱ्या सकाळी वहाणा पायरीवर नव्हत्या.

पोटभर जेव. माया आहेच, ती तिथवर पोचो.

तुझी आई सावित्री

काँगो, २ ऑक्टोबर २००६

ती. आयेस सा. न. वि. वि.

आये, तू काय करून बसलीस? तुझे पत्र येण्याआधीपासून पहाऱ्यावर माझ्या मागे वहाणा करकरतात. वळलो की कोणी नसते. इथली माती ज्वालामुखीची, काळीकुट्ट. सकाळी तिच्यावर माझ्या बुटांच्या दीडपट ठसे दिसतात. केळी विकणारी बाई विचारत होती, की तुझ्यामागचा तो उंच माणूस कोण. त्याला भिऊन डोंगरावरचे बंदूकवाले खाली येत नाहीत म्हणे.

बाबांना नमस्कार. लोभ असू दे, गाऱ्हाणी कमी कर.

तुझा सुशांत

वेंगुर्ले, ३० ऑक्टोबर २००६

चि. सुशांतास आशीर्वाद.

हरिश्चंद्रकाकांची होडी शांत पाण्यात उलटली. काका गेले. रात्री गावातली कुत्री भुंकत नाहीत. गुरवाने कौल लावला, तर राखणदाराची जागा रिकामी निघाली. कोणी पाठवला त्याला, असे सगळे विचारतात आणि मी मान खाली घालते. तू घरी येईपर्यंत मी त्याला परत बोलावणार नाही. पाप लागले तर मला लागू दे.

बाबा मात्र समुद्रावर जायचे थांबत नाहीत.

तुझी आई

काँगो, १९ नोव्हेंबर २००६

ती. आयेस सा. न. वि. वि.

मला पोहायला हरिश्चंद्रकाकांनी शिकवले होते. पत्र वाचून जेवण गेले नाही. इथे नारळ मिळत नाही, म्हणून केळे ठेवून काल मीच राखणदाराला सांगितले, की माझा बापूस पाण्यात आहे, तू घरी जा. वहाणांचा आवाज उतारावरून लांब गेला. आज पहाऱ्यावर मी एकटाच आहे.

रागावू नकोस. लोभ होता तसाच राहू दे.

तुझा सुशांत

वेंगुर्ले, १५ जानेवारी २००७

चि. सुशांतास आशीर्वाद.

तुझे पत्र उशिरा पोचले. त्याआधीच बाबांची होडी फुटली होती. कोणीतरी बखोट धरून त्यांना वाळूवर आणून टाकले. त्याच सकाळी पायरीवर वहाणा दिसल्या, तळ झिजलेल्या, काळ्या मातीने माखलेल्या. गावाने साखर वाटली. मला ती गिळवली नाही.

त्यानंतर तुझे पत्र नाही. पलटणवाले शोध चालू आहे एवढेच सांगतात. मी पुन्हा नव्या वहाणा ठेवल्या, पुन्हा गाऱ्हाणे घातले. रोज पहाटे जाऊन बघते. वहाणा तिथेच असतात, आपल्याच लाल मातीने भरलेल्या.

बाबू, तू खंय आसस रे?

तुझी आये